‘अपेक्षित’ घोकून मन कळत नाही

समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायला शिकवतो, असं सांगून जो कुणी माझ्याकडे फी मागतो त्याला मी आधी विचारतो, “बरं, मग सांगा, आत्ता माझ्या मनात काय चाललंय?” एका तरुण बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका.” मला कसलंही टेन्शन नव्हतं. मी फीच्या तक्त्यातली बेरीज तपासत होतो, आणि ती चुकलेली होती.

मी निवृत्त गणित शिक्षक. गारखेड्यात राहतो. माझा नातू ऑटिस्टिक आहे, आणि त्याच्या निमित्ताने आमचं घर छत्रपती संभाजीनगरातल्या थेरपीच्या बाजाराचं जुनं गिऱ्हाईक झालंय. सिडको, उस्मानपुरा, समर्थनगर, कुठेही जा. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर नाहीतर भाड्याच्या फ्लॅटमध्ये एखादं केंद्र सापडतंच. स्पीच, ऑक्युपेशनल, बिहेवियर थेरपी. त्यात मनापासून राबणारी माणसं आहेत. बोलता न येणाऱ्या पोराला चित्राचं कार्ड हातात देऊन पाणी मागायला शिकवणाऱ्या मुलीपुढे मी हात जोडतो. याच शहरात अंबिका टाकळकर यांच्यासारख्या आईने ‘आरंभ’ ही ऑटिस्टिक मुलांसाठीची संस्था उभी केली, त्यामागचे कष्ट मला कळतात. माझं भांडण या कुणाशी नाही. माझं भांडण एका विशिष्ट मालाशी आहे. त्याचं नाव ‘पर्स्पेक्टिव्ह टेकिंग’: दुसऱ्याच्या नजरेतून पाहायला शिकवण्याचा कोर्स.

हा माल पॅकेजमध्ये मिळतो. लॅमिनेट केलेली चेहऱ्यांची चित्रं, दोन बाहुल्या, टॅबवरचे व्हिडिओ आणि शेवटी एक रंगीत आलेख. आधी दहापैकी तीन, आता दहापैकी नऊ. आई-बाप तो कागद हातात घेऊन रडतात, आणि पुढच्या टप्प्याचे पैसे भरतात. पोरगं मात्र मधल्या सुट्टीत काल बसलं होतं त्याच पायरीवर एकटं बसलेलं असतं.

माझं म्हणणं लपवून ठेवत नाही. हे प्रशिक्षण मुलाला चाचणीत पास करतं, माणसांत राहायला शिकवत नाही. आणि माणसांत राहणं अवघड होतं त्याचं निदान अर्धं कारण ज्यांच्यात आहे, त्यांना कुणीच वर्गात बसवत नाही.

या मालाचा उगम सांगतो, कारण विकणारे सांगत नाहीत. १९७८ साली डेव्हिड प्रेमॅक आणि गाय वुडरफ यांनी एक प्रश्न मांडला: चिंपांझीला दुसऱ्याच्या मनाची कल्पना असते का? १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी लहान मुलांसाठी त्याची चाचणी तयार केली. १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी ती बाहुल्यांच्या गोष्टीतून ऑटिस्टिक मुलांपुढे ठेवली. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. अ‍ॅन ती काढून खोक्यात लपवते. सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? टोपलीत म्हणालात तर पास, खोक्यात म्हणालात तर नापास. वीस ऑटिस्टिक मुलांपैकी सोळा नापास झाली. डाउन सिंड्रोम असलेल्या चौदांपैकी बारा पास झाली.

वीस मुलं आणि एक गोटी. एवढ्या भांडवलावर जगभर वाक्य रूढ झालं की ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही. जी चार मुलं पास झाली त्यांचं काय, हा प्रश्न संशोधकांनी पुढे विचारला. बाजाराने नाही विचारला.

त्यानंतर आलेल्या दोन गोष्टी तर बाजाराच्या कानावरही गेलेल्या दिसत नाहीत. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कँडिडा पीटरसन आणि मायकेल सीगल यांनी हीच चाचणी कर्णबधिर मुलांना दिली. ऐकू येणाऱ्या घरांत वाढलेली, म्हणजे घरात कुणालाच नीट खाणाखुणांची भाषा येत नाही अशी मुलं. निम्म्याहून जास्त नापास! पुढच्या अभ्यासांत दिसलं की आई-वडीलही कर्णबधिर असतील आणि पोराला जन्मापासून खुणांची भाषा मिळाली असेल, तर ती मुलं वेळेवर पास होतात. त्याच वर्षी फ्रान्सेस्का हॅपे यांनी दाखवून दिलं की ऑटिस्टिक मूल ही चाचणी कधी पास होईल, हे त्याच्या भाषेच्या वयाशी घट्ट जोडलेलं आहे. म्हणजे गोटीच्या खेळात मनाबरोबर भाषाही मोजली जाते, आणि ती किती मोजली जाते हे चाचणी सांगत नाही.

आता आमच्या शहरात काय चालतं ते पाहा. घरात मराठी. खाली किराणा दुकानात दखनी हिंदी. शाळा सेमी-इंग्रजी. आणि केंद्रात आल्या आल्या पहिला सल्ला: “घरात एकच भाषा ठेवा, इंग्लिश ठेवा, तो कन्फ्यूज होतोय.” ऑटिस्टिक मुलाला दोन भाषा मिळाल्याने त्याची भाषा मागे पडते, याला आधार नाही. २०१२ मध्ये मॉन्ट्रियलला कॅथरीन हॅम्बली आणि एरिक फोंबोन यांनी नेमकं हेच तपासलं. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांची भाषा एका भाषेतल्या मुलांपेक्षा मागे नव्हती. पण सल्ला चालूच आहे. त्यामुळे माझा नातू कार्डावरचं रडकं तोंड पाहून “सॅड” म्हणतो आणि स्टिकर मिळवतो, आणि घरी त्याची आजी त्याच्याशी ज्या भाषेत रुसते, हसते, समजूत काढते, त्या भाषेचा तास मात्र आम्हीच कमी करून टाकायचा. मन समजण्यासाठी जी भाषा सगळ्यात जवळची, तीच काढून घेऊन मन समजण्याचा कोर्स लावायचा. वर आजीने फाडफाड इंग्रजी बोलावं अशी अपेक्षा.

प्रशिक्षणाचा खरा हिशेब पुढे आहे. तो तीस वर्षं जुना आहे आणि कुणी लपवूनही ठेवलेला नाही. १९९५ मध्ये सॅली ओझोनॉफ आणि ज्युडिथ मिलर यांनी ऑटिस्टिक मुलग्यांच्या एका छोट्या गटाला काही महिने दुसऱ्याचं मन ओळखायला शिकवलं. बाहुल्यांच्या चाचणीत मुलं सुधारली. आई-वडिलांना आणि शिक्षकांना विचारलं, वागण्यात काही फरक? नाही. १९९६ आणि १९९७ मध्ये ज्युली हॅडविन आणि सहकाऱ्यांनी मुलांना भावना आणि समजुती ओळखायला शिकवलं. शिकवलेल्या प्रकारची उत्तरं बरोबर येऊ लागली, न शिकवलेल्या प्रकारात ती गेली नाहीत, आणि मुलांच्या गप्पांत काही फरक पडला नाही. या दोन्ही निबंधांवर बॅरन-कोहेन यांचं नाव आहे. ज्याने रोगाचं नाव सांगितलं त्यानेच औषध लागू पडत नाही असं लिहून ठेवलं, आणि दुकान तरी उघडंच.

२०११ मध्ये नेदरलँड्समध्ये सँडर बेगेर आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची शिस्तशीर पद्धत वापरली. ८ ते १३ वर्षांची चाळीस मुलं, सोळा आठवडे. मनाबद्दलची समज चाचणीत वाढली. मुलांनी स्वतः सांगितलेली सहानुभूती आणि पालकांनी सांगितलेलं सामाजिक वागणं होतं तिथेच राहिलं. पुढच्या काही अभ्यासांत पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांमध्ये थोडी सुधारणा दिसली, तेही नोंदवतो. फक्त आपल्या पोराला कोर्स मिळालाय हे ठाऊक असलेला बाप प्रश्नावली भरताना किती निःपक्ष असतो, हे मी बाप आणि आजोबा या दोन्ही नात्यांनी सांगू शकतो. २०१४ मध्ये कॉक्रेन या संस्थेसाठी स्यू फ्लेचर-वॉटसन आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अशा चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या एकत्र मांडल्या: २२ चाचण्या, ६९५ सहभागी. निष्कर्ष असा की कौशल्य शिकवता येतं, पण ते टिकतं किंवा दुसऱ्या प्रसंगात उतरतं याचा पुरावा तोकडा आहे, आणि जो आहे त्याचा दर्जा कमी आहे.

मला यात आश्चर्य वाटत नाही, कारण मी आयुष्यभर दहावीचा वर्ग सांभाळला. घरोघर ‘२१ अपेक्षित’ प्रश्नपत्रिकांचा संच असायचा. पोरं शाब्दिक उदाहरणं तोंडपाठ करायची. संचातलं उदाहरण आलं की पाचपैकी पाच. आंब्यांच्या जागी संत्री घातली की पेन थांबायचं. त्या पोराला गणित येत होतं असं मी कधी म्हटलं नाही, आणि संच छापणाऱ्यानेही तसा दावा केला नव्हता. तो प्रामाणिकपणे ‘अपेक्षित’ लिहायचा. मनाचे अपेक्षित विकणारे मुखपृष्ठावर ‘सोशल स्किल्स’ लिहितात.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. केंद्रात खोली शांत असते. समोर एक मोठं माणूस, एक चित्र, एक प्रश्न. उत्तर यायला अर्धं मिनिट लागलं तरी ताई थांबते. मुख्य म्हणजे, आता दुसऱ्याच्या मनाचा विचार करायचाय हे ताईच सांगते. मधल्या सुट्टीत सात जण एकदम बोलतात, त्यातले दोन चेष्टा करतात, एक टोमणा मारतो, मागे घंटा आणि शिट्ट्या, आणि सगळं काही सेकंदांत पुढे सरकतं. तिथे कुणी कार्ड धरून विचारत नाही की सांग बाळा, याला आता काय वाटत असेल. कोणत्या क्षणी थांबून विचार करायचा हेच तर अवघड, आणि कोर्स नेमका तेवढाच भाग मुलाच्या वतीने करून टाकतो. उरलेलं पाठांतर तेवढं त्याच्या पदरात.

एक प्रसंग सांगतो. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळतात, वन टिप वन हँडचा नियम: एका टप्प्यानंतर एका हाताने झेलला तरी आउट. नातवाला फलंदाजी जमत नाही, पण त्याला प्रत्येक चेंडू लक्षात राहतो, म्हणून धावा तो मोजतो. एके दिवशी त्याच्याच टीमच्या कॅप्टनचा झेल एका टप्प्यानंतर गेला. भांडण पेटलं. कॅप्टन म्हणाला दोन टप्पे पडले. सगळे याच्याकडे वळले. हा म्हणाला, “एक टप्पा. डावा हात. आउट.”

“तू आपल्या टीममध्ये आहेस ना रे?”

“हो. पण तू आउट आहेस.”

त्यानंतर त्याला खाली बोलावणं बंद झालं. सूनबाईने भोळेपणाने ही हकिकत केंद्रात सांगितली. अहवालात नोंद आली की मुलाला सहकाऱ्याचा दृष्टिकोन समजत नाही. त्यावर सरावही ठरला. मी काचेबाहेर बसून पाहिला. ताईने विचारलं, “मित्राला वाईट वाटू नये म्हणून आपण काय म्हणू शकलो असतो?” तो गप्प. ताईने उत्तर पुरवलं: “मला नीट दिसलं नाही, असं म्हणू शकतो ना आपण?” हा म्हणाला, “पण मला दिसलं होतं.” ताईने पुन्हा पढवलं. तिसऱ्या वेळी त्याने ते वाक्य म्हटलं आणि त्याला वाघाचा स्टिकर मिळाला. आम्ही फी भरून पोराला खोटं बोलायचं शिकवून घेत होतो.

घरी येताना मी त्याला विचारलं, कॅप्टन का चिडला असेल? “त्याला हरायचं नव्हतं म्हणून,” तो म्हणाला. अगदी सहज. कॅप्टनचं मन त्याला स्वच्छ कळलं होतं. कॅप्टनला हरायचं नाही म्हणून टप्पा एकाचे दोन होत नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं होतं. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे समजणं वेगळं आणि त्याच्या मनासारखं वागणं वेगळं. आमचे तज्ज्ञ या दोन्हींची गल्लत करतात, आणि जो मन राखत नाही त्याला मन कळत नाही असं प्रमाणपत्र देऊन मोकळे होतात. आणि त्या पार्किंगमधल्या आठ पोरांपैकी एकालाही सुचलं नाही की खरं बोलल्याबद्दल हाकललं तर याला काय वाटेल. दुसऱ्याच्या नजरेतून पाहण्याच्या परीक्षेत त्या दिवशी आठ जण नापास झाले. कोर्स नवव्याला लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

ही माझ्या आजोबाच्या मायेची तक्रार आहे असं वाटत असेल तर पुरावा घ्या. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन यांनी, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि समाजशास्त्राचे अभ्यासक आहेत, एक साधी गोष्ट शास्त्रीय भाषेत मांडली: दोन वेगळ्या तऱ्हेची माणसं समोर आली की समजण्यातली अडचण दोन्ही बाजूंना असते. तिला त्यांनी दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न म्हटलं. २०१६ मध्ये एलिझाबेथ शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सामान्य माणसांना ऑटिस्टिक माणसाचा चेहरा पाहून तो कशाला प्रतिसाद देतोय हे ओळखणं जड जातं. २०१७ मध्ये नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी लोकांना ऑटिस्टिक आणि इतर माणसांचे काही सेकंदांचे तुकडे दाखवले. दिसण्या-बोलण्याची ढब पाहूनच लोकांनी ठरवून टाकलं की या ऑटिस्टिक माणसाशी बोलायला, याच्या शेजारी बसायला नको. मग त्याच माणसांचे फक्त शब्द लिहून दिले. नावड नाहीशी झाली! म्हणजे तो काय बोलतो हे लोकांना खटकत नव्हतं. तो कसा दिसतो, कसे हात हलवतो, कुठे बघतो हे खटकत होतं. आता सांगा, कोर्सची गरज कुणाला?

या बाजूचा पुरावाही मी फुगवून सांगणार नाही. ऑटिस्टिक माणसं आपापसांत गोष्ट इतर माणसं आपापसांत पोचवतात तितकीच चांगली पोचवतात आणि मिश्र गटात ती गळते, असं कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या २०२० च्या अभ्यासात दिसलं होतं. पुढे त्यांनीच मोठा गट घेऊन तपासलं तेव्हा तिन्ही प्रकारच्या गटांत फरक आढळला नाही, आणि तेही त्यांनी छापलं. छापलं म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. आमच्या केंद्रांच्या भिंतीवर एक तरी न जमलेला आलेख लावलेला मी पाहिलेला नाही.

आता लोक विचारतात, आजोबा, फायदा नसेल होत, पण तोटा तरी काय? तोटा आहे. पैसा आहे, तो जातो. वेळ आहे, शाळेनंतरचे जे दोन तास पोराने मातीत घालवायचे ते एसी खोलीत जातात. आणि सगळ्यात मोठा तोटा असा की आपण जसे आहोत तसे चालत नाही, हे मूल आठवड्याला दोनदा नव्याने शिकतं. मोठेपणी त्याचं काय होतं तेही पाहिलं गेलंय. २०१८ मध्ये सारा कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक प्रौढांमध्ये जे आढळलं ते छापलं: आपलं ऑटिस्टिक असणं लपवत, दुसऱ्यासारखं सोंग घेत जगण्याचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध दिसतो. एकामुळे दुसरं होतं असं त्यातून सिद्ध होत नाही, हे मला गणित शिक्षकाला कळतं. पण ज्या पोराला हसू येत नसताना हसण्याचा स्टिकर मिळतो, त्याच्या आजोबाला ती ओळ वाचून झोप येत नाही.

मुलाला काहीच शिकवू नका, असं मी म्हणत नाही. रस्ता ओलांडायला शिकवा, बँकेत रांग कशी लावायची, मुलाखतीत काय विचारतात, कुणी फसवत असेल तर कसं ओळखायचं, हे सगळं स्पष्ट शब्दांत सांगा. ऑटिस्टिक मुलांना स्पष्ट सांगितलेलं आवडतं आणि लक्षातही राहतं. मित्र जोडायची ज्याची स्वतःची इच्छा आहे अशा मोठ्या मुलांना पालकांसह शिकवणारे काही कार्यक्रम थोडे उपयोगी पडल्याचेही अभ्यास आहेत. पण ती माहिती आहे, तिला माहितीच म्हणा. छोट्या गोष्टी लिहून सामाजिक प्रसंग समजावण्याची जी पद्धत आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, तिची इंग्लंडमधल्या शाळांत अडीचशेच्या आसपास मुलांवर मोठी चाचणी झाली. ठरवलेली एखादी छोटी गोष्ट मुलाला जमू लागली, पण एकूण सामाजिक प्रतिसादात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. छोट्या गोष्टीचा छोटा फायदा. तो छोटा म्हणून विकलात तर मी पहिला गिऱ्हाईक.

मग जमतं कशाने? उत्तर आहे आणि ते महागही नाही. २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोनी कसारी आणि सहकाऱ्यांनी सर्वसाधारण शाळांतली साठ ऑटिस्टिक मुलं घेतली. एका पद्धतीत प्रौढ माणूस त्या मुलालाच सामाजिक कौशल्यं शिकवत होता. दुसऱ्या पद्धतीत त्या मुलाला हातही लावला नाही. त्याच्या वर्गातल्या तीन मुलांना शिकवलं की एकटं पडणाऱ्या मुलाला खेळात कसं घ्यायचं. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं. वर्गमित्रांना शिकवलेल्या गटात मुलाची वर्गातली जागा वाढली, त्याला मित्र म्हणणारे वाढले, मैदानावरचं एकटेपण कमी झालं. बारा आठवड्यांनी पाहिलं तरी परिणाम टिकून होता. वीस मिनिटं म्हणजे आपल्याकडच्या शाळेत परिपाठाला लागतात तेवढी.

दुसरा दाखला तर आपल्या दाराशी आहे. गोव्यात ‘संगत’ या संस्थेमार्फत आणि पाकिस्तानात रावळपिंडीत मिळून एक चाचणी झाली. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त छापून आली. २ ते ९ वर्षांची पासष्ट मुलं. कार्यकर्ती तज्ज्ञ नव्हती, प्रशिक्षण दिलेली साधी आरोग्य कार्यकर्ती होती. ती घरी जायची, आई आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ घ्यायची, आणि आईबरोबर बसून पाहायची: इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, इथे तुम्ही घाई केलीत, इथे थांबलात तर तो बोलला. सहा महिन्यांत बारा बैठका. आया मुलाच्या चालीने चालायला शिकल्या, आणि मुलं आपणहून जास्त बोलू-सांगू लागली. सगळंच सुधारलं असं नाही. एकत्र लक्ष देण्याच्या एका मापात तर उलट झालं, आणि तेही त्यांनी लिहिलंय. पण दिशा पाहा. मूल बदलण्याआधी मोठी माणसं बदलली. दुसऱ्याच्या नजरेतून पाहायचा धडा आईने घेतला, आणि फायदा पोराला झाला.

आपली व्यवस्था मात्र उलट्या टोकाला बसलेली. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं तर भारतीय मोजपट्टी लागते, तिचं नाव इसा. चाळीस प्रश्न, प्रत्येकी एक ते पाच गुण, सत्तर किंवा त्याहून जास्त म्हणजे ऑटिझम. पहिला विभाग सामाजिक नात्यांचा. नजर देत नाही, हसत नाही, अलिप्त राहतो, समवयस्कांशी मैत्री टिकवत नाही. मैत्री टिकवत नाही! टिकवायला आधी कुणी केली होती का, याला चाळीसातला एकही प्रश्न नाही. मोजपट्टी मुलाची आहे, तिने मुलाला मोजावं, हे मला समजतं. पण त्याच आकड्यावर आपण आयुष्यभराचा निवाडा लावतो आणि वर्गाला कुणी मोजतच नाही.

कायदा वर्गाबद्दल बोलतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ ने शाळांवर समावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकली, कलम १७ मध्ये शिक्षकांचं प्रशिक्षण आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि वरच्या प्राथमिकला पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा असं प्रमाण घालून दिलं. आपल्या शहरातल्या शाळांत जाऊन विचारा तो विशेष शिक्षक कुठाय. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, “त्याला शॅडो टीचर तुम्हीच द्या.” म्हणजे खर्च बापाचा, दोष पोराचा, आणि फाटकावर पाटी शाळेची: समावेशक.

आणि शाळेबाहेर आपण सगळे काय दिवे लावतो? गणपतीत, लग्नात, जयंतीत घरासमोर भिंती हादरवणारा डीजे लावतो; पोरगं कानावर हात दाबून पलंगाखाली शिरतं, आणि पाहुणे म्हणतात, याला आनंद घेता येत नाही. मंगल कार्यालयात त्याच्या तोंडावर विचारतात, “हा बोलतो का हो?” तो शेजारी उभा राहून ऐकत असतो. पर्स्पेक्टिव्ह टेकिंगचं पॅकेज मी या माणसांसाठी आनंदाने घेईन. ग्रुप डिस्काउंट मिळत असेल तर अख्ख्या वऱ्हाडासाठी.

म्हणून पालकांनो, पुढच्या वेळी कुणी हा कोर्स पुढे केला की तीन प्रश्न विचारा. तुमचा आलेख चाचणीचा आहे की मधल्या सुट्टीचा? सहा महिन्यांनी तो कुणी मोजला, आणि मोजणाऱ्याला माझ्या मुलाने कोर्स केलाय हे ठाऊक होतं का? माझ्या मुलाला यातून काय हवंय, हे त्याला विचारलंत का, आणि त्याच्या भाषेत विचारलंत का? उत्तरं मिळाली तर पैसे भरा. “आजोबा, तुम्हाला या क्षेत्राची कल्पना नाही” असं ऐकू आलं तर उठून या.

मुख्याध्यापकांकडे मागणं आणखी सोपं आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडली की ज्या वर्गात असं मूल आहे त्या वर्गातली तीन पोरं निवडा, वर्गशिक्षिकेला आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं द्या, आणि खेळात नवख्याला कसं घ्यायचं, खरं बोलणाऱ्यावर का चिडायचं नाही, हे त्यांना शिकवा. इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही, माझ्या पेन्शनमधून तर मुळीच काही लागत नाही. हेही जमणार नसेल तर एक काम नक्की जमेल: रंगाऱ्याला बोलवा आणि फाटकावरचा ‘समावेशक’ पुसून घ्या. त्याचे पैसे मी देतो.